चोरीस भाजीत मसाल्यासारखं वापरावं की नाही?

शुक्रवारचा_बाजार

दरवर्षी मे अखेरीस गोव्याहून परतताना सामानात चोरिसाच्या दोन माळा असतातच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून वर दोन पिशव्या घातल्या तरी रेल्वेच्या डब्यात वास दरवळतो. ज्यांनी खाल्लं नाही त्यांच्यासाठी सांगते: चोरीस म्हणजे गोव्याचं सॉसेज. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे करून मीठ लावायचं, वर वजन ठेवून पाणी काढायचं. मग सुकी मिरची, लसूण, आलं, हळद, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी माडाच्या व्हिनेगरमध्ये वाटून त्यात तुकडे मुरवायचे, आतड्यात भरायचे, दोऱ्याने गाठी मारून उन्हात आणि धुरावर वाळवायचे. वाळलेलं दिसलं तरी ते कच्चंच असतं, नीट शिजवावं लागतं.

आता मुद्द्यावर येते. माझ्या मते घरी आणलेलं चोरीस मटणासारखं वापरण्यात आपण ते वाया घालवतो. अख्खी माळ कांदा-बटाट्यात एकाच दिवशी शिजवायची, पावाबरोबर खायची, की पुढच्या मे महिन्यापर्यंत वाट बघायची. गेली दोन वर्षं मी ते मसाल्यासारखं वापरते. सुपारीएवढे चार मणी घेते, वरचं साल काढते, आतलं मांस बोटांनी मोकळं करते. लोखंडी कढईत थोडं पाणी घालून मंद आचेवर झाकून पंधरा-वीस मिनिटं शिजवते. पाणी आटलं की लाल चरबी सुटते. तेल नाही, मीठ नाही, मसाला नाही. या चरबीत मोठ्या आचेवर बारीक चिरलेला कोबी परतते. कधी उकडलेले पावटे घालते. कच्चा फणस उकडून, ठेचून घातला तर घरात कोणी बोलत नाही, फक्त खातात. मुलासाठी भुर्जी करते, कधी पोहे. चार माणसांना चार मणी पुरतात आणि माळ दिवाळीपर्यंत येते.

मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "हा चोरिसाचा अपमान आहे." मला तसं वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

कांदाकोथिंबीर

फणसाची कल्पना फार आवडली. मी त्याचा खिमा करतो. टोमॅटो, आलं-लसूण पेस्ट, शेवटी गरम मसाला. पावाबरोबर झकास लागतो.

हळदोण्याची_सून

अपमान वगैरे मी म्हणणार नाही, पण मला पटलेलं नाही, आणि का ते नीट सांगते.

आमच्याकडे चोरीस ही पुरुमेंताची वस्तू. पावसाळ्यात मासे मिळत नाहीत, बाजारात जाणं होत नाही, म्हणून मे महिन्यातच सुकी मासळी, मिरच्या, कोकम, लोणची आणि चोरीस भरून ठेवायचं. शब्द पोर्तुगीज, अर्थ बेगमी. पूर्वी माळा चुलीवरच्या धुरातच टांगलेल्या असायच्या. माझ्या सासूबाई जून-जुलैत बाहेर धो धो पाऊस असताना एक माळ उतरवायच्या आणि त्या दिवशी दुसरं काही शिजत नसे. ते जेवण चोरिसाचं असायचं. चार मणी कोबीत घातले तर ते कोबीचं जेवण झालं.

दुसरं कारण चवीचं आहे. जुन्या जोड्या बघा: पाव, पोळी (कोंड्याच्या पिठाची, पोदेर म्हणजे पाववाला आणतो ती), बटाटा, भात, आळसांदे (चवळीसारखं कडधान्य). हे सगळं पिठूळ आणि जवळजवळ बिनचवीचं. चोरिसात मीठ, आंबट, तिखट आणि चरबी, चारही गोष्टी टोकाच्या आहेत. पिठूळ वस्तू हे सगळं शोषून घेते. कोबीला पाणी सुटतं, चरबी वर तरंगते आणि व्हिनेगर खाली पाण्यात पातळ होतं. म्हणून आमच्याकडे कोणी चोरीस कोबीत घालत नाही. हे रूढीने नाही, करून बघून ठरलेलं आहे.

साल काढण्याबद्दल मात्र काही तक्रार नाही. पावात भरायचं असेल तर आम्हीही काढतो. पुलावात छोटे मणी अख्खे टाकतो, म्हणजे ताटात शोधून खाता येतात.

आणि कांदाकोथिंबीर दादा, टोमॅटो नको हो. व्हिनेगरचा आंबटपणा मुरलेला असतो, टोमॅटोचा आंबटपणा त्याच्यावर पाणी ओततो. आलं-लसूण, लवंग, दालचिनी आत आहेच. गरम मसाल्याने तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितल्यासारखं होतं. कांदा मात्र भरपूर घ्या, मांसाच्या दुप्पट. त्याच्या गोडीने तिखट-आंबट सांभाळलं जातं.

शुक्रवारचा_बाजार

ताई, पिठूळपणाचा मुद्दा मी आजवर असा कधी ऐकला नव्हता, आणि तो खरा आहे. पण मग पावटे आणि फणस तुमच्याच नियमात बसतात! उकडलेला कच्चा फणस बटाट्याइतकाच पिठूळ असतो. कोबीबद्दल एवढंच म्हणेन की झाकण ठेवलं, आच मंद ठेवली तर पाणी सुटतं. मोठ्या आचेवर, उघड्या कढईत, पाच मिनिटांत उतरवला तर सुटत नाही. कडा जरा करपायला हव्यात.

वसईवाला

मी धागाकर्तीच्या बाजूने. आमच्या घरी सॉसेज आलं की आई ते शेवग्याच्या शेंगांत आणि वांग्यातही घालायची. आम्ही सात माणसं, माळ एक. वाटायचं कसं? भाजीत घातलं की प्रत्येकाच्या ताटात वास तरी यायचा. 'ते जेवण चोरिसाचं' हे ज्यांच्या घरी माळा टांगलेल्या असतात त्यांना शोभतं. मुंबई-वसईत विकत आणणाऱ्याला पुरवून खावं लागतं.

हळदोण्याची_सून

दादा, आमच्याकडेही माळा मोजूनच उतरवायच्या. सासूबाईंच्या हाताखाली अकरा माणसं जेवायची. म्हणून तर बटाटा घालायचा. पुरवून खाण्याला माझा विरोध नाही, वांग्याला आहे.

मीठभाकर

चर्चा वाचताना तोंडाला पाणी सुटलं, तरी वेगळा मुद्दा मांडतो, कारण घरात उच्च रक्तदाबाचा माणूस आहे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे असा गट. मीठ लावून, वाळवून, धुरावर टिकवलेलं सगळं त्यात येतं, चोरीससुद्धा. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा त्यांचा हिशोब. मिठाचं वेगळंच. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं म्हणतात, आणि हा पदार्थ टिकतोच मिठावर.

आता धागाकर्तीला वाटेल की माझा मुद्दा तिच्या बाजूचा आहे, कमी घाला म्हणून. मला उलट वाटतं. वर्षातून तीन-चारदा पोटभर खाल्लं आणि विषय संपला, ही जुनी पद्धत बरी. 'मसाला' म्हटलं की हात सैल होतो. आज कोबीत, परवा पोह्यात, रविवारी भुर्जीत. वर्षभर दर आठवड्याला थोडं थोडं पोटात जातं आणि मोजदाद राहत नाही.

शुक्रवारचा_बाजार

मोजदाद मी ठेवते. माळा दोनच येतात, तिसरी आणत नाही. त्या चार महिन्यांत संपोत की चार दिवसांत, वर्षाला पोटात जाणारं चोरीस तेवढंच. हो, मुंबईत वर्षभर दुकानातून आणणाऱ्याला तुमचा इशारा लागू आहे. आणि तो मलाही लागू आहे असं एका बाबतीत मान्य करते: मुलाची भुर्जी दर रविवारची झाली आहे. ती बंद करते.

मीठभाकर

एवढं मान्य केलंत, बरं वाटलं. रक्तदाब असलेल्यांसाठी एक: साल काढून मांस पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि ते पहिलं पाणी फेकून द्या. मीठ बरंचसं जातं.

हळदोण्याची_सून

चव पण जाते हो! व्हिनेगर, मिरची सगळं त्या पाण्यात. त्यापेक्षा घरातल्या त्या माणसाला बटाटे जास्त आणि मांस एक चमचा वाढा.

लेस्टरहून

मी इथे गोव्याचं चोरीस शोधून थकलो. इथे सुपरमार्केटमध्ये सालाशिवायचं सॉसेजचं मांस पाकिटात मिळतं, नाताळच्या सुमारास जास्तच, कारण टर्कीच्या पोटात भरायला आणि पेस्ट्रीत गुंडाळून भाजायला ते लोक वापरतात. त्यात व्हिनेगर, लाल तिखट, लसूण, मिरी घालून दोन दिवस फ्रीजमध्ये मुरवलं तर चोरीस होईल का? मागच्या वेळी केलं तेव्हा गोळा झाला, मोकळं झालंच नाही.

शुक्रवारचा_बाजार

होणार नाही, आणि त्यात तुमची चूक नाही. चोरिसाचं मांस सुरीने तुकडे केलेलं असतं, दळलेलं नसतं. तुमच्या पाकिटातल्या मांसात बहुतेक रस्क म्हणजे पावाचा चुरा मिसळलेला असेल, तो पाणी धरून ठेवतो म्हणून गोळा होतो. पाकिटावरचं वाचा. ब्रिटनमध्ये 'पोर्क सॉसेज' नावाने विकायला डुकराचं मांस किमान ४२ टक्के असलं की चालतं, उरलेल्यात बाकीचं सगळं आलं.

पण हाच चुरा कोफ्त्याला कामाचा आहे. अर्धा किलो मांसात दोन चमचे मालवणी मसाला, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर. मीठ अजिबात नको, ते आधीच असतं. लिंबाएवढे गोळे करून भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याच्या वाटणाच्या रश्शात सोडा, उकळी मंद ठेवा, वीस मिनिटं झाकून. फुटणार नाहीत. एक फोडून बघा, आत गुलाबी राहता कामा नये.

लेस्टरहून

आज रात्रीच करतो. मालवणी मसाला संपलाय, कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला आहे, चालेल ना?

वसईवाला

पळेल! पण त्यात मीठ असतं, एकच चमचा घाला.

हळदोण्याची_सून

चोरीस करायचंच असेल तर, लेस्टरच्या दादा, पाकीट सोडा आणि खाटकाकडून चरबीसकट खांद्याचं मांस आणा. सुरीने चण्याएवढे तुकडे. वाळवायला तिथे ऊन कुठलं, म्हणून आतड्यात न भरता, मीठ-मसाला-व्हिनेगर लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस मुरवा आणि लगेच शिजवून संपवा, टिकवायला जाऊ नका. माडाचं व्हिनेगर मिळालं तर तेच. साधं पांढरं कृत्रिम व्हिनेगर नाकात जातं आणि मागे काही उरत नाही, माडाच्या सुरीचं, म्हणजे माडीचं, व्हिनेगर जिभेवर गोडसर होत जातं. चोरीस नाही म्हणणार मी त्याला, पण पावात भरून खाताना डोळे मिटले तर म्हापशापर्यंत पोचाल.

नवशिकी_पुणे

एक अडचण. मैत्रिणीने चोरीस दिलं, मी रात्रभर भिजवलेला राजमा आणि चोरीस एकत्रच कुकरला लावलं. आठ शिट्ट्या झाल्या तरी राजमा कडक. राजमा जुना होता का?

हळदोण्याची_सून

नाही गो बाय, राजमा बिचारा चांगला असणार. आंबटात कडधान्य शिजत नाही. आपण चिंच-कोकम डाळ शिजल्यावर घालतो ना, तेच. आळसांदे किंवा राजमा आधी पूर्ण मऊ करून घ्यायचा, दाबला तर चुरडायला हवा. राजम्याला कुकर आणि खळखळ उकळी हवीच, अर्धा कच्चा ठेवायचा नाही, पोट बिघडतं. वेगळ्या भांड्यात चोरीस, कांदा. मग एकत्र करून पंधरा मिनिटं. बटाट्याचंही तसंच, कच्चा बटाटा त्या व्हिनेगरमध्ये टाकला तर तासभर दाताखाली कचकचतो.

शुक्रवारचा_बाजार

ताई, हे वाचून मी कपाळाला हात लावला. माझा कांदा-बटाटा गेली दहा वर्षं फसत होता तो यामुळे! कच्चे बटाटे पहिल्यापासून घालत होते, ते कडक राहायचे, मग पाणी वाढवायचे, चव पातळ व्हायची. चोरीस मटणासारखं नको, हे मत बनलं त्यात या फसलेल्या बटाट्यांचाही हात असणार. या शनिवारी अर्धी माळ तुमच्या पद्धतीने करते: बटाटे आधी उकडून, कांदा दुप्पट, दुसरं काही नाही.

फणस मात्र सोडणार नाही.

हळदोण्याची_सून

फणस सोडू नका. मी काल कुयरी (कोवळा कच्चा फणस) आणवली, उकडून ठेवली आहे. फोडणीबिडणी काही न देता तुम्ही म्हणता तसं चार मणी घालून करते. कोबीला मात्र माझ्या घरात चोरीस मिळणार नाही.

वसईवाला

आणि वांग्याला?

हळदोण्याची_सून

वांग्याला तर नाहीच.