बोअर मारायचा का? घरच्या ग्रुपवरचा एक रविवार

आमच्या घरच्या ग्रुपवरची ही चर्चा, १७ मार्च २०२४ ची. घर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडच्या अलीकडं. रान साडेचार एकर. काकांचे सुविचार, दोन वाढदिवस आणि ताईची चुकून इकडं पडलेली किराणाची यादी गाळलीय. बाकी सगळ्यांना विचारून जसंच्या तसं.

काका, घाटकोपर: थोरल्या, बागेचा फोटो बघितला. पानं पार वळल्यात. रात्रभर झोप नाही. बोअर मारून टाकू. माझे ४० हजार.

मी: माझे ३०. आठशे फूट गेलो तर लागेल की पाणी.

ताई, पुणे: माझे २५ धरा. पण दादाला विचारलंय का कुणी?

मी: टायपिंग दिसतंय त्याचं. दहा मिनिटं झाली.

दादा, गाव: नको.

(दहा मिनिटांत एवढंच.)

काका, घाटकोपर: नको म्हणजे? तीनशे डाळिंबं वाळवतोस का? तुझ्या बापानं खड्डे काढलेत त्याचे.

दादा, गाव: काका, खालच्या आळीत दिवाळीपासनं चार बोअर झाले. एकाला सातशे फुटांवर नुसता फुफाटा. दुसऱ्याला दीड इंच पाणी लागलं, तीन आठवड्यांत गुळण्या टाकायला लागला. आपल्याकडं पाणी असतं ते मुरमात, वरच्या चाळीस-पन्नास फुटांत. खाली काळा पाषाण. त्याला चीर घावली तर पाणी, नाहीतर कर्ज. आणि चीर घावलीच तर ती आपल्याच विहिरीचं खाली ओढणार.

ताई, पुणे: हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंदच केले ते ह्याच कारणानं. आणि कायद्यानंही अधिसूचित भागात ६० मीटरच्या खाली जाता येत नाही, २००९ चा भूजल कायदा आहे.

काका, घाटकोपर: कायद्याचं राहू दे. गाड्या रात्रीच येतात.

मी: मग सरकारी मदत? दुष्काळ जाहीर झालाय ना?

दादा, गाव: ३१ ऑक्टोबरला ४० तालुके जाहीर झाले. आपल्या जिल्ह्यातले दोन, वाई आणि खंडाळा. माण नाही.

काका, घाटकोपर: वाई?? कृष्णेच्या काठावरची?

दादा, गाव: तीच. नंतर राज्यातली १,०२१ महसूल मंडळं दुष्काळसदृश म्हणून घेतली, त्यात आपलं आलं. पोरांची परीक्षा फी माफ, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सूट. विहिरीवरची मोटर फेब्रुवारीपासनं बंद आहे. बंद मोटरच्या बिलात सूट.

वहिनी: विहिरीत सकाळी तीन घागरी पाणी साचतं. खरं बोलायचं तर ह्यांनी तुम्हाला सगळं सांगितलेलं नाही. खालच्या तुकड्यातली शंभर झाडं सोडायचं ठरवलंय. परवा ठिबकच्या नळ्या काढून आणल्या. तेव्हापासनं जेवण नीट नाही.

(यावर बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही. काकांनी नुसता एक टिंब पाठवला. तो चुकून होता की मुद्दाम, अजून कळलेलं नाही.)

ताई, पुणे: दादा, खरं?

दादा, गाव: त्या तुकड्यात मर रोग आहे, निम्मी झाडं तशीही गेली असती. बहार तर कुठल्याच झाडाला धरलेला नाही. फळं गाठीतच तोडली. फळ धरलं की झाडाला दिवसाला ३०-४० लिटर लागतं, नुसतं जगवायचं तर दहा लिटरवर भागतं. बुडाला बाजरीचं सरमाड टाकलंय हातभर. पानांवर केओलिन, म्हणजे पांढरी माती, मारलंय, म्हणून फोटोत पांढरी दिसतात.

मी: ती धूळ वाटली मला.

दादा, गाव: तू पिंपरीत राहतोस म्हणून.

ताई, पुणे: शेततळ्यात किती आहे?

दादा, गाव: काठीवर चार फूट.

ताई, पुणे: थांब. तळं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं ना? उतार धरून भरलं तर साधारण १९ लाख ७० हजार लिटर. पण खाली तळ अरुंद आहे, म्हणून चार फुटांत सहा लाखांच्या थोडं वर. जूनअखेर धरलं तर दिवस १०५.

वहिनी: दोन जर्सी, एक खिलार, सहा शेळ्या मिळून अडीचशे लिटर धरा. घरासाठी टँकर आहे, दोन दिवसाआड.

मी: म्हणजे तीनशे झाडांना दहा-दहा लिटर धरून दिवसाला सव्वातीन हजार. १०५ दिवसांचे साडेतीन लाखसुद्धा होत नाहीत. मग पाणी पुरतंय की! शंभर झाडं कशाला सोडतोस?

दादा, गाव: ऊन कोण मोजणार? फेब्रुवारीत तळ्यावरची मोटर बिघडली, आठ दिवस थेंब काढला नाही. तरी काठीवर तीन बोटं खाली. प्लास्टिक नवं आहे, गळती नाही. नुसतं उडालं. एप्रिल-मे अजून यायचाय.

(ताईनं अर्ध्या तासानं वहीचा फोटो टाकला. तिचा हिशोब असा: दिवसाला सरासरी ७ मिलिमीटर धरलं तरी चार हजार लिटरच्या आसपास पाणी उन्हालाच जातं. १०५ दिवसांत सव्वाचार लाख. आमची झाडं आणि जनावरं मिळून पितात त्यापेक्षा जास्त आभाळ पितं. शंभर झाडं सोडूनही हिशोब तुटतच होता. तीस हजार काढून द्यायला निघालेल्या मला हे आजवर कधी सुचलं नव्हतं.)

ताई, पुणे: म्हणजे बोअर नको, झाकण हवं. तळ्यावर शेडनेट टाकलं आणि निम्मं जरी वाचलं, तरी दोन लाख लिटर. तीनशे झाडं बसतात त्यात.

दादा, गाव: बसतात कागदावर. इथं वैशाखात वावटळ सुटती. नेट फाटून शेजारच्या बाभळीवर जाईल. मधे तार ताणायला लागंल, काठाला अँगल.

मी: पण होईल का?

दादा, गाव: होईल. पाऊस जूनला आला तर.

वहिनी: मागच्या ऑगस्टलाही आपण "आला तर" म्हणत होतो.

ताई, पुणे: १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. दरवर्षी तसा येत नाही वहिनी.

काका, घाटकोपर: आईला विचारा. आईनं सगळे दुष्काळ बघितलेत.

(इथं पुतण्यानं आजीचा व्हॉइस मेसेज टाकला, आणि काकांना ऐकू येत नाही म्हणून टाइपही केला.)

आजी: "बहात्तर सालात पाणी व्हतं, दाणं नव्हतं. आता दाणं हायती, पाणी न्हाय. तवा आडाला तीस फुटावर पाणी असायचं. वरचा पाझर तलाव आमीच केला, डोक्यावर माती वाहून. ह्यो धाकटा झाडाखाली झोळीत असायचा, सुकडी मिळाली की गप बसायचा. लाल मिलू जोंधळ्याच्या भाकरी खाल्ल्या, घशाखाली उतरत नव्हत्या. झाडं सोडायची तर सोडा, पर गाय इकू नगा. झाड परत लावता येतंय. गायीमागं शेण हाय, शेणामागं रान हाय. आन् हुलग्याचं बी म्या राखंत ठेवलंय दोन शेर, त्याला कुणी हात लावायचा न्हाय."

काका, घाटकोपर: मी आठ वर्षांचा होतो तेव्हा. झोळीत कुठला? खडी वेचायला होतो.

वहिनी: आजी म्हणतात, झोळीतच होतास.

दादा, गाव: गाय विकणार नाही. मुरघासाच्या नऊ बॅगा आहेत अजून, मे निघेल. कडबा तेवढा लागणार. काल शेकड्याला अडीच हजार सांगितले. २०१२-१३ ला म्हसवडच्या छावणीत जनावरं घेऊन राहिलो, ते परत नको. आईला तिथं खोकला लागला तो वर्षभर गेला नव्हता.

मी: मग माझे ३० कडब्याला.

ताई, पुणे: माझे नेटला. काठापासून काठापर्यंत नऊशे चौरस मीटर लागेल, बांधायला वाढीव धर. दादा, नळ्या परत लावणार का खालच्या तुकड्याला?

दादा, गाव: मर लागलेली चाळीस सोडतोच. बाकीच्या साठांना उद्या लावतो.

वहिनी: टँकर आला. ठेवते.

(संध्याकाळी परत.)

दादा, गाव: काठी बघितली. कालपेक्षा एक बोट खाली.

काका, घाटकोपर: तार कशाला, तारेनं नेट कापतं. दोरखंड घे, नायलॉनचा. तीस वर्षं मस्जिद बंदरला माथाडीत काढली, दोरखंड मला शिकवू नकोस. किती लागंल?

दादा, गाव: आडवे-उभे धरून ४०० मीटर.

काका, घाटकोपर: शनिवारच्या गाडीनं घेऊन येतो. आईला विचार, मिश्री आणू का?

वहिनी: त्या म्हणतात, दोन डबे.