शब्दचर्चा: 'थर्ड रेट' जहाजाला मराठीत काय म्हणायचं?

शाईदौत
एका दिवाळी अंकासाठी 'मिंडेन' या ब्रिटिश युद्धनौकेवर लेख लिहिते आहे. १९ जून १८१० रोजी ती मुंबईच्या डंकन गोदीतून पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया, लाकूड सागवान. ब्रिटिश आरमाराने ब्रिटनबाहेर बांधून घेतलेलं या आकाराचं हे पहिलं जहाज. कागदोपत्री तिची ओळख 'थर्ड रेट शिप ऑफ द लाइन'. मी लिहिलं, 'तिसऱ्या दर्जाची युद्धनौका'. आईने खर्डा वाचून विचारलं, "तिसऱ्या दर्जाचीच होती तर चार पानं कशाला खर्ची घालतेस?" आता काय करू?

दर्यावर्दी
आईंचं बरोबर आहे. 'दर्जा' म्हटलं की मराठी माणूस गुणवत्ता समजतो. इथे 'रेट' म्हणजे फक्त तोफांची मोजदाद. १०० किंवा जास्त तोफा असतील तर पहिला रेट, ९० ते ९८ असतील तर दुसरा, ६४ ते साधारण ८० तिसरा, आणि असं उतरत सहाव्यापर्यंत. त्यात कमीपणा काही नाही. ट्रफाल्गरच्या सागरी लढाईत (१८०५) ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनकडे लढाईच्या फळीत २७ जहाजं होती. त्यांतली तीन पहिल्या रेटची, चार दुसऱ्या आणि तब्बल २० तिसऱ्या! पहिल्या-दुसऱ्या रेटचं तीन मजली धूड बांधायला महाग आणि चालीला मंद. ७४ तोफांचं दुमजली जहाज वेगातही बरं आणि माऱ्यातही जबर. आरमाराचा सगळा भार त्यांच्यावरच होता.

कोरीपाटी
मग 'तिसऱ्या वर्गाची' किंवा 'तिसऱ्या श्रेणीची' लिहा की. सोपं आहे.

दर्यावर्दी
सोपं आहे, पण दोन्ही शब्द आधीच गुंतलेत. एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांना इंग्रजीत 'क्लास' म्हणतात, आणि आपली वर्तमानपत्रं त्यालाच वर्ग किंवा श्रेणी म्हणतात. 'कलवरी श्रेणीची पाणबुडी' वाचलं असेलच. मिंडेन ही 'गँजेस' वर्गातली. म्हणजे वाक्य होणार, 'गँजेस वर्गातली तिसऱ्या वर्गाची नौका'. वाचणारा तिथेच आपटला.

खडूफळा
गंमत म्हणून सांगतो. नेमका शब्द आहे 'इयत्ता'. संस्कृतात इयत्ता म्हणजे 'इतकेपणा', मोजमाप. तोफा मोजून लावलेल्या क्रमाला याहून चपखल शब्द नाही. पण मी २६ वर्षं शाळेत काढली आहेत. 'तिसऱ्या इयत्तेतली युद्धनौका' म्हटलं की डोळ्यांसमोर दप्तर आणि डबाच येतो.

शाईदौत
सर, हसून हसून पुरेवाट झाली. पण खरंच वापरता आलं असतं तर काय बहार होती!

वल्हं
क्रमच कशाला हवा? इंग्रज खलाशी स्वतः मिंडेनसारख्या ७४ तोफांच्या जहाजाला नुसतं 'सेव्हन्टी-फोर' म्हणत. आपणही 'चौऱ्याहत्तर तोफी' म्हणावं. आपल्याकडे जमिनीचा उतारा 'सातबारा' होतो, लोकांना फसवणारा 'चारसोबीस' होतो, मग जहाजाची 'चौऱ्याहत्तरी' व्हायला काय हरकत? ठरलेली मांडणी अशी: खालच्या मजल्यावर २८, वरच्या मजल्यावर २८, उरलेल्या १८ उघड्यावर मागेपुढे. आखूड नळीच्या कॅरोनेड तोफा त्या काळी या मोजणीत धरत नसत, त्यामुळे प्रत्यक्षात तोफा जास्तही असत. नावातला आकडा हा बाजारातल्या 'डझन आंब्यां'सारखा, वरचे दोन वेगळे.

कोरीपाटी
आणि 'शिप ऑफ द लाइन'? 'रेषेचे जहाज' असं एका ठिकाणी वाचलंय. अंगावर काटा आला.

दर्यावर्दी
जहाजं एकामागोमाग एक ओळ धरून शत्रूवर कुशीतून मारा करत. त्या ओळीत उभं राहण्याइतकं मजबूत ते 'शिप ऑफ द लाइन'. मी वर सहज 'फळी' लिहिलं, तेच पुढे चालवतो. फळी फोडणे, आघाडीची फळी हे आपल्या रक्तातलंच आहे. फक्त 'फळीचं जहाज' लिहू नका, नाहीतर लोक लाकडाची फळी समजतील. 'फळीतलं जहाज'.

गोदीकर
वाडियांच्या गुजरातीत लढाऊ जहाजाला 'मनवार' म्हणतात, 'मॅन ऑफ वॉर'चं घरगुती रूप. एकदा तरी वापरा. बाकी, अमेरिकेचं राष्ट्रगीत याच मिंडेनवर लिहिलं गेलं ना? ते लेखात हवंच.

दर्यावर्दी
गोदीकर, ते काढून टाका. सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरवर तोफा डागल्या गेल्या, त्या मोहिमेत मिंडेन नव्हतीच. गीत लिहिणारा फ्रान्सिस स्कॉट की तेव्हा तहाचं निशाण लावलेल्या एका अमेरिकी गलबतावर होता. खरी कामगिरी हवी असेल तर जावा घ्या. नेपोलियनने १८१० मध्ये हॉलंड गिळलं, म्हणून डचांचं जावा फ्रेंचांच्या अमलाखाली आलं. जुलै १८११ मध्ये मिंडेनवरचा तरुण लेफ्टनंट एडमंड लायन्स अवघी ३५ माणसं घेऊन रात्री मेराकच्या किल्ल्यात घुसला. किल्ल्यावर तोफा ५४! इथे 'स्पाइक्ड द गन्स', म्हणजे तोफा निकामी केल्या, असं वाचाल. त्याला आपल्याकडे तयार वाक्प्रचार आहे: तोफांच्या कानांत खिळे ठोकले.

शाईदौत
हे लगेच उचलते. आता दोनच शंका. 'ती' की 'ते'? आणि जहाजाची 'कारकीर्द' म्हणता येते का? कारकीर्द राजाची किंवा दिवाणाची असते ना?

खडूफळा
नौका म्हणालात तर ती, जहाज म्हणालात तर ते. इंग्रजीतल्या 'शी'चं दडपण घेऊ नका. फक्त एका परिच्छेदात एकच लिंग ठेवा. कारकीर्द मला चालेल. जावा, मग १८१६ ला अल्जियर्सवरचा तोफमारा, आणि १८४२ पासून हाँगकाँगला इस्पितळ म्हणून नांगरलेली. एवढं तर कित्येक दिवाणांच्याही वाट्याला येत नाही. तिथे 'मिंडेन रो' नावाची गल्ली अजून आहे.

वल्हं
आणि शेवटी १८६१ मध्ये विकून तोडली. तिथे 'नष्ट करण्यात आली' लिहू नका. 'मोडीत काढली' लिहा. तो शब्दप्रयोग आपण माणसांसाठी आणि योजनांसाठी वापरून गुळगुळीत केलाय. इथे अक्षरशः बसतो.

शाईदौत
झालेलं वाक्य: 'मिंडेन ही लढाईच्या फळीतली चौऱ्याहत्तर तोफी नौका, मुंबईच्या सागवानाची.' आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "आता चार पानं कमी पडतील."