दोन सैनिक, मधे निशाण

जुन्या रोमन नाण्यावरची अक्षरं पुसलीयत, फक्त दोन सैनिक दिसतात, मग नाणं ओळखायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. खरं तर तुमचं बरंच काम झालंय. समोरासमोर उभे सैनिक म्हणजे 'ग्लोरिया एक्सर्सितुस' (सैन्याचा गौरव) असं लिहिलेलं, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या घराण्याचं नाणं. आता सैनिकांच्या मधली निशाणं, म्हणजे पलटणीचे ध्वजदंड, मोजा. दोन असतील तर साधारण इसवी सन 330 ते 335. एकच असेल तर त्यानंतरचं, आणि ते आकारानं नि वजनानंही लहान भरतं.

मग सैनिकांच्या पायाखालची अक्षरं भिंगातून बघा. तिथे टांकसाळ कळते: 'टीआर' म्हणजे ट्रिअर, 'एसएमके' म्हणजे सिझिकस, 'एसएमएएन' म्हणजे अँटिऑक. दिवा समोरून नको, बाजूनं तिरका धरा; झिजलेली अक्षरं सावलीत उठून दिसतात. चेहऱ्यावरून सम्राट ओळखायच्या फंदात पडू नका, बापलेक सगळे एकाच साच्यातले वाटतात. चेहऱ्याच्या बाजूच्या अक्षरांत शेवटी 'नोब सी' वाचता आलं तर तो अजून सीझर, म्हणजे दुय्यम सम्राट, आहे, म्हणजे मुलांपैकी कोणी असेल तर नाणं 337 च्या आधीचं.

चिंच-मीठ लावून घासायचा सल्ला मात्र कृपया विसरा. तांब्याच्या हंड्याला ते ठीक, इथे हिरवट थर गेला की उरलेली अक्षरंही जातात. डिस्टिल्ड वॉटरमधे भिजत ठेवा, पाणी बदलत राहा. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो कांस्यरोग, म्हणजे धातू पोखरत जाणारा गंज. ते नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. पायाखालच्या अक्षरांचा फोटो टाकलात तर टांकसाळ सांगायचा प्रयत्न करतो.