ई-क्लासला चर खोदणं चैन, अन् पेव्हर ब्लॉक गरज?

कोरडवाहू
परवा इथंच एका सदस्यानं लिहिलं: "पंचायतीच्या खात्यात दमडी नाही अन् यांना ई-क्लासभोवती, म्हणजे गावच्या चराईच्या जागेभोवती, चर सुचतो. ती पडीक जागा सोलरला द्या, मोकळे व्हा." दोन दिवस गिळून बसलो, आता लिहितोच.

पडीक कोणासाठी? आमच्या ई-क्लासवर (दारव्हा तालुका) मी शाळेत होतो तेव्हा पवन्या गवत गुडघ्याला लागायचं. गुराखी आखरावरून गावाची ढोरं घेऊन निघायचा तो दिवे लागणीलाच परत. आज तिथं तरोटा अन् रायमुनिया. तरोट्याची भाजी माणूस खातो, ढोर त्याला तोंड लावत नाही. शिवाय लगतचे शेतकरी दर पेरणीला धुरा (बांध) दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन ओळी, पुढं सरकवतात. दोन तास म्हणजे काहीच नाही, म्हणून कोणी भांडत नाही. वीस वर्षं मोजा मग. म्हणून भोवती चर हवा.

पैशाचं म्हणाल, तर पंधराव्या वित्त आयोगाचा (2021-26) 60 टक्के निधी पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता, त्यात पाऊस अडवणंही बसायचं. उतारावरचे चर त्यातून झाले असते, बाकी रोहयोतून. उरलेल्या 40 टक्क्यांत आमच्याकडं काय झालं? चांगल्या सिमेंट रस्त्यावर पेव्हर ब्लॉक. तेव्हा कोणाला तंगी आठवली नाही.

दिवसाची_लाईन
तो सदस्य मीच. नाव घेऊन लिहायचं होतं.
सौर कृषी वाहिनीत (सोलरवर शेतीला दिवसा वीज द्यायची योजना) पंचायतीला वर्षाला 5 लाख, असे 3 वर्षं मिळतात. तुमचा पवन्या किती देतो? मागच्या जानेवारीत रात्री दोन वाजता हरभऱ्याला पाणी फिरवत होतो. बॅटरी तोंडात, फावडं हातात, अन् पायावरून काहीतरी थंडगार गेलं. घोणस होती का धामण, ते पाहायला थांबलो नाही. दिवसाची लाईन मिळत असेल तर अख्खा ई-क्लास घ्या म्हणतो मी.

कोरडवाहू
साप माझ्याही पायावरून गेलाय, म्हणून गावाची चराई लिहून देत नाही. 5 लाख तीन वर्षं, जमीन किती वर्षं अडकणार ते बोला. 12 जुलै 2011 चा शासन निर्णय वाचा: गायरान दुसऱ्या कामाला द्यायचं तर ते काम सार्वजनिक हवं, अन् तेही दुसरी जागा नसेल तरच.

दिवसाची_लाईन
वीज सार्वजनिक नाही तर काय तुमच्या म्हशी सार्वजनिक आहेत?

जागल्या
कोरडवाहू मास्तर, तुमचं सारं बरोबर हाय, पण रोह्याचं (नीलगाईचं) काय? ई-क्लास हिरवा करा, चर खोदा, झाडं लावा, म्हंजे रोह्याले वसतिगृहच झालं ना! यंदा माह्या तुरीचे शेंडे एका रातीत खुडले. रातभर जागलीले बसतो, पहाटे डोळा लागला का ते येतातच. घड्याळ असन त्यायच्याजवळ.

आर्वीकर
उलटं आहे हो. रोही माळरानाचं जनावर. माळावरचं गवत संपलं म्हणून ते तुमच्या तुरीत येतं.

जागल्या
हे पुस्तकात लिवलं असन. माह्या वावराले ई-क्लासचा धुरा लागून हाय, अन् पहिला घास माह्याच वावरातला. गवत व्हतं तवाही येत व्हते, नाही तवाही येऊन राह्यले.

आर्वीकर
तारेच्या कुंपणाला झटका मशीन लावा मग.

जागल्या
लावली ना! पहिल्या आठवड्यात रोही दूर, दुसऱ्या आठवड्यात बॅटरी चोरीले. बॅटरी का रोह्यानं नेली का?

तीन_एकर
आमच्याकडं तर डुकरं. रोही निदान शेंडा खुडतं, डुक्कर अख्खा मका आडवा झोपवून जातं. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पाऊस येतो, पाऊस आला की खुणा धुतल्या, मग "नुकसान दिसून आलं नाही". धाग्याचं नाव बदला, रोही-डुकरं ठेवा.

कोरडवाहू
जागल्याभाऊ, नवा धागा काढा ना. इथं जमिनीचं चाललंय.

जागल्या
अन् रोही काय आभायात चरते? जमिनीवरच चरते ना बे!

आर्वीकर
भाषा सांभाळा. विषयावर येतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात ई-क्लास नाही, झुडपी जंगल. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं ती जमीन वनच धरली. आता पंचायतीला विकता येत नाही, देताही येत नाही, अन् राखायला पैसाही नाही. आमची गवळाऊ गाय त्याच माळावर टिकली. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क आला की माणसं राखतात, नुसत्या चरानं नाही.

दिवसाची_लाईन
आलं मेंढा-लेखा. त्यांच्याकडं बांबू आहे, आमच्याकडं तरोटा.

सातबारा_नसलेली
एवढा वेळ वाचतेय. तुमच्या सगळ्यांच्या भांडणात एक सारखंच आहे, प्रत्येकाच्या नावावर वावर आहे. माझ्या सासऱ्यांनी 1984 साली ई-क्लासवर दोन एकर मोडली. दगड वेचून सासूबाईंच्या नखांत आयुष्यभर काळी माती राहिली. 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय 28 नोव्हेंबर 1991 चा आहे. आमची फाईल अजून या टेबलावरून त्या टेबलावर. 2022 ला नोटीस मात्र वेळेत आली. कोरडवाहूदादा, तुमचा चर कुठून जाणार? धुरा सरकवणाऱ्यांच्या बांधावरून, का आमच्या दोन एकरांतून?

कोरडवाहू
ताई, खरं सांगतो, हा प्रश्न मी नकाशावर बघितलाच नव्हता. 1990 आधीचे सोडून आखणी व्हावी, हे मान्य. धुरा सरकवणाऱ्यांची मोजणी आधी व्हावी, हेही मान्य.

सातबारा_नसलेली
इथं मान्य करून काय उपयोग? ठरावात लिहा.

दिवसाची_लाईन
मोजणीची फी कोण भरणार? तंगी आहे म्हणालो तर मी गावद्रोही. बरं, चला, माथ्याचा भाग राखा, पायथ्याचा खडकाळ तुकडा सोलरला द्या. एवढं तरी ऐका, का पवन्या खडकावरही उगवतो?

कोरडवाहू
पवन्या खडकावरच उगवतो, तेच तर सांगतोय! ठीक आहे, तुकडा ग्रामसभेला दाखवा, मग बघू. 15 ऑगस्टला सभा आहे.

तीन_एकर
15 ऑगस्टला झेंडा झाला की बुंदी खाऊन सगळे घरी. कोरम नाही म्हणून तहकूब, अन् तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग सातजण मिळून पेव्हर ब्लॉक मंजूर करतील.

जागल्या
मी येतो सभेले. पण सकाळीच ठेवा, रातच्याले जागल हाय.