मदत हवी आहे: आईला मेंदूत रक्तस्राव, आम्ही भावंडांनी कोणती जनुकीय तपासणी करावी?

अबोली_रंग
आईला मेंदूत रक्तस्राव झाला. आता घरी आणलंय, पण डावा हात अजून उचलत नाही. थोरला मामा ह्याच कारणाने गेला. म्हणजे हे रक्तातच आहे. मी आणि धाकट्या भावाने कोणती जनुकीय तपासणी करायची, तिचं फक्त नाव हवंय. डॉक्टर म्हणतात आधी त्यांना सावरू दे. भावाचं लग्न ठरतंय, मला थांबता येणार नाही. "काळजी घ्या" असे प्रतिसाद कृपया नकोत.

विहंग
रक्तस्राव नेमका कुठे? मेंदूच्या आत की आवरणाखाली? आईंचं वय? बीपी? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या का?

अबोली_रंग
मेंदूत म्हणजे मेंदूत, सीटीत दिसलाय. प्रश्न तपासणीचा आहे.

विहंग
त्यावरच तपासणी ठरते, म्हणून विचारतोय. धमनीवरचा फुगा फुटून आवरणाखाली रक्त आलं असेल, तर तुम्हा भावंडांना जनुकांआधी मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अँजिओग्राफीचा विचार करावा लागतो. दोन किंवा जास्त जवळच्या नातेवाइकांना तसं झालं असेल तर नक्कीच. घरात पॉलिसिस्टिक किडनीचा (किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा) आजार आहे का तेही बघतात, कारण त्यात असे फुगे जास्त आढळतात. मेंदूच्या आत खोलवर झालेला रक्तस्राव बहुधा बीपीचा. उतारवयात मेंदूच्या पृष्ठभागाजवळ झाला तर वाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचल्याची शंका घेतात.

तटस्थ
जनुकं वगैरे सोडा. माझ्या वडिलांचं हेच झालं, कारण एकच, बीपीच्या गोळ्या मधेच बंद केल्या. घराण्यात येतं ते बीपी. दोघं भावंडं बीपी मोजा, सिगारेट असेल तर आजच सोडा.

रानवारा
असहमत. मी घरबसल्या लाळ पाठवून डीएनए तपासला, त्यात एपीओई-४, म्हणजे एपीओई जनुकाचं एक रूप, निघालं. मेंदूतल्या रक्तस्रावाशी त्याचा थेट संबंध आहे. अबोली, तेच करा.

विहंग
संबंध आहे, पण तो मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या रक्तस्रावाशी, आणि एपीओई-२ नेसुद्धा तो धोका वाढतो. अल्झायमरपासून मात्र हेच एपीओई-२ संरक्षण देतं. ही जनुकरूपं असंख्य निरोगी माणसांतही असतात. तेवढ्यावरून भावाचं भविष्य सांगता येणार नाही.

मीनाक्षी_मावशी
माझ्या यजमानांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं, आज चालतात. वेळ घालवू नका गं.

शुभदा
मावशी, ते गुठळीच्या झटक्याला. रक्तस्रावात तेच इंजेक्शन जिवावर बेततं, म्हणून तर आधी सीटी काढतात.
अबोली, एमआरआय झालाय का? त्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाक. आणि मामांना आणखी काही त्रास होता?

अबोली_रंग
आई ५२. बीपी नाही, गोळ्या नाहीत. एमआरआयवर "दोन्ही बाजूंना मल्टिपल कॅव्हर्नोमा" असं आहे. मामाला लहानपणापासून फिट्स यायच्या. त्याचा इथे काय संबंध?

शुभदा
फार मोठा संबंध आहे. आमच्या सासरी हाच आजार आहे. कॅव्हर्नोमा म्हणजे पातळ भिंतीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा, तुतीच्या फळासारखा दिसणारा गुच्छ. त्यातून रक्त झिरपतं, कधी मोठा रक्तस्राव होतो, कधी नुसत्या फिट्स येतात. एकच गुच्छ असेल तर तो बहुतेक वेळा आनुवंशिक नसतो. अनेक गुच्छ आणि वर सख्ख्या भावाला फिट्स, म्हणजे आनुवंशिक प्रकाराची दाट शंका. त्याची तीन जनुकं माहीत आहेत: क्रिट-१, सीसीएम-२ आणि पीडीसीडी-१०. आईंकडून तो बदल येण्याची शक्यता प्रत्येक मुलाला ५० टक्के. पण बदल आला तरी कित्येकांना आयुष्यभर काहीच होत नाही.

अबोली_रंग
हेच हवं होतं. मग मी आणि भाऊ ह्या तिन्ही जनुकांची तपासणी करून टाकतो.

शुभदा
नको, आधी आईंची. त्यांच्यात नेमका कोणता बदल आहे ते कळलं की तुमच्यात तेवढाच शोधायचा. आईंचा अहवाल नसताना तुमचा "निगेटिव्ह" आला तर त्याला अर्थ नाही, कारण घराण्यातला बदल त्या तपासणीत सापडण्याजोगा होता की नाही हेच माहीत नसतं.

रानवारा
सगळ्यांचंच संपूर्ण एक्झोम, म्हणजे जनुकांतल्या प्रथिनं बनवणाऱ्या सगळ्या भागांची तपासणी, करा ना, एकदाच काय ते कळेल.

विहंग
त्यात अर्थ न लागणारे शंभर बदल निघतील आणि घर घाबरेल. जनुकतज्ज्ञ समुपदेशकाला आधी भेटा.

तटस्थ
मुलीकडच्यांना मात्र हे आत्ताच सांगायला हवं. लपवणं बरोबर नाही.

मीनाक्षी_मावशी
काहीच नक्की नसताना काय सांगायचं? ठरलेलं लग्न मोडेल.

शुभदा
हा निर्णय भावाचा आहे. तपासणी करायची की नाही हाही त्याचाच. अबोली, त्याच्याशी बोललीस का?

अबोली_रंग
अजून नाही. त्याचा उजवा हात अधूनमधून मिनिटभर बधिर होतो, म्हणून तो आधीच धास्तावलाय. आईची तपासणी ती पूर्ण बरी झाल्यावरच होते का?

शुभदा
आईंचं रक्त कधीही घेता येतं, आजारपणाने जनुकं बदलत नाहीत. पण भावाचं थांबवू नकोस. तो हात म्हणजे बारीक फिटसुद्धा असू शकते. जनुकांचा अहवाल येईल तेव्हा येईल, ह्याच आठवड्यात त्याला न्यूरोलॉजिस्टकडे ने आणि आईंचा एमआरआय सोबत घेऊन जा. अचानक भयंकर डोकं दुखलं, बोलणं अडखळलं किंवा फिट आली तर थेट इमर्जन्सीत.

अबोली_रंग
आज रात्री बोलते त्याच्याशी. एमआरआय साधाच चालतो?

शुभदा
नाही. चिठ्ठीवर एसडब्ल्यूआय किंवा ग्रेडियंट एको (रक्ताचे बारीक डागही दाखवणाऱ्या एमआरआयच्या पद्धती) लिहून घे, साध्यात बारीक कॅव्हर्नोमा दिसत नाहीत.