‘रिप्यूडिएट’ला मराठीत काय म्हणायचं?

म्हापशाहून:
घरच्या वारसाहक्काच्या एका इंग्रजी मसुद्याचं मराठी करून द्यायचं आहे. त्यात ‘रिप्यूडिएट द इनहेरिटन्स’ असं आलंय. कोशात धिक्कारणे, झिडकारणे, अव्हेरणे असे अर्थ सापडले. आत्याने आजोबांच्या मिळकतीचा धिक्कार केला असं लिहिलं, तर चतुर्थीला मला तिच्या दारात उभं राहता येणार नाही. नुसतं ‘नाकारला’ चालेल का? ‘रिजेक्ट’ आणि हा शब्द एकच ना?

फोंड्याहून:
एकच नव्हेत, बाब. समोर आलेली गोष्ट नको म्हटली की ‘रिजेक्ट’. अर्ज फेटाळतात, स्थळ नाकारतात, माल परत करतात. ‘रिप्यूडिएट’मध्ये ती गोष्ट आधीच तुम्हाला चिकटलेली असते, निदान चिकटली आहे असं कोणीतरी म्हणत असतं: करार, कर्ज, नातं, वारसा, तुमच्या नावावर खपवलेलं मत. हिचा माझ्याशी संबंध नाही, ही मला बांधत नाही, असं उघड सांगणं म्हणजे ‘रिप्यूडिएट’. म्हणून नोकरीसाठी आलेला अर्ज कोणी ‘रिप्यूडिएट’ करत नाही.

मूळ लॅटिन ‘रेपुदियुम’. रोमन कायद्यात नवऱ्याने किंवा बायकोने एकतर्फी लग्न मोडल्याचं कळवणं, त्याला हा शब्द होता. म्हणजे आपली सोडचिठ्ठी! आणि मराठीनेही तो शब्द संसारापुरता ठेवलेला नाही. पक्षाला सोडचिठ्ठी दिल्याच्या बातम्या गोव्यात आपण किती वाचतो ते वेगळं सांगायला नको. ‘फारकत’चंही तसंच. मुळात हिशेब मिटल्याचा, मोकळीक दिल्याचा कागद, पुढे काडीमोड, आणि आता ‘त्या विधानापासून पक्षाने फारकत घेतली’. या शेवटच्या वाक्यात इंग्रजी पेपर बिनदिक्कत ‘रिप्यूडिएट’ लिहील.

त्यामुळे एकच प्रतिशब्द धरून बसू नये, कर्म काय आहे ते बघावं. मताशी फारकत, आरोपाचा इन्कार, कराराचं बंधन झुगारणं. बोल्शेविक सरकारने 1918 मध्ये झारच्या काळातली कर्जं ‘रिप्यूडिएट’ केली, तिथे ‘कर्ज बुडवलं’ म्हणणं मला कच्चं वाटतं. बुडवणारा गुपचूप बुडवतो किंवा ऐपत नाही म्हणतो. यांनी ते कर्ज आम्हाला लागूच नाही असं जाहीर केलं.

मडगावहून:
विम्याच्या पत्रात हा हमखास भेटतो: ‘क्लेम रिप्यूडिएटेड’. मराठीत सरसकट ‘दावा फेटाळला’ छापतात. माझ्या मते ‘दायित्व नाकारलं’ जास्त बरोबर, कारण या घटनेत पैसे देणं आमच्यावर येतच नाही असं कंपनीला म्हणायचं असतं. जीवन विम्यात पॉलिसी 3 वर्षं जुनी झाली की कोणत्याही कारणावरून तिलाच आव्हान देता येत नाही. 1938च्या विमा कायद्याचं कलम 45, 2015च्या दुरुस्तीनंतरचं. पत्र आलं की आधी पॉलिसीची तारीख पाहा, शब्द नंतर.

फोंड्याहून:
आता आत्याचा कागद. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे. संहिता 1867ची, गोव्यात लागू झाली 1870 साली. तिच्यात वारसा स्वीकारणं आणि ‘रेपूदियु’, म्हणजे तो न स्वीकारणं, अशी जोडी आहे. 2012चा गोव्याचा उत्तराधिकार कायदा 2016 मध्ये अमलात आला, तरी जुन्या मसुद्यांची भाषा वकिलांच्या हाताला बसलेली आहे. इथे धिक्काराचा वासही नाही. ‘वारसाहक्काचा त्याग केला’ किंवा सरळ ‘वारसा सोडला’ लिही. महाराष्ट्रात ‘हक्कसोडपत्र’ म्हणतात, तेही कळेल. ‘नाकारला’ चुकीचं नाही, पण आजोबांशी भांडण होतं असं वाटतं.

दोन गोष्टी मात्र मसुद्यात तपास. वारसा अर्धा घेतला आणि अर्धा सोडला असं चालत नाही. आजोबा हयात असताना सोडलेला तर मुळीच नाही. आणि आत्याचं लग्न इथल्या नेहमीच्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीने झालं असेल, तर मामांची, म्हणजे तिच्या यजमानांची, सहीही लागेल.

म्हापशाहून:
‘त्याग केला’ ठेवतो. आत्यालाही ते आवडेल, चारचौघांत मोठेपणा वाटेल. फक्त पुढे ‘धाकट्या भावाच्या लाभात’ असं आहे, ते तसंच ठेवू ना?

फोंड्याहून:
थांब. मग हा शब्दच बसत नाही. जी वारसा सोडते ती मुळात वारसच नव्हती असं धरतात. तिचा वाटा कोणाकडे जायचा ते कायदा ठरवतो, ती नव्हे. एका भावाचं नाव घालून दिला तर तो आधी घेतला आणि मग दिला, म्हणजे बक्षीसपत्र. त्याचा खर्च वेगळा, परिणाम वेगळे. भाषांतर बाजूला ठेव आणि आत्याला नेमकं काय करायचंय ते विचारून नोटरीकडे जा.