नागपूरहून उडताना खिडकी कुठल्या बाजूची घेता?

सोनेगावच्या आपल्या विमानतळावरून मुंबईला मी गेली कित्येक वर्षं ये-जा करतोय, पण लोणार वरून दिसलं ते यंदाच्या जानेवारीत. आधी घरी नकाशावर पट्टी ठेवून बघितलं. नागपूर-मुंबई सरळ रेघ ओढली तर लोणार तिच्या दक्षिणेला साधारण ३० किलोमीटरवर येतं, म्हणजे जाताना डावीकडे, 'ए' सीट. पुण्याची रेघ ओढली की तेच लोणार उजव्या हाताला जातं, आणि जास्त जवळ. विमान काही रेघेवरून जात नाही, पण बाजू ठरवायला एवढं पुरतं. उड्डाणानंतर अर्धा तास झाला आणि सपाट शेतांमध्ये तो गोल कडा दिसला. जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचं विवर, हात लांब केला तर दोन बोटांएवढं! मी शेजारच्या अनोळखी आजोबांनाही वाकायला लावलं. तुम्हाला कुठून काय दिसलं, कुठली सीट होती, ते सविस्तर लिहा.

प्रतापनगरहून
आईला दार्जिलिंगला नेलं तेव्हाचं सांगते. नागपूरहून दिल्ली आणि तिथून बागडोगरा. दिल्लीहून पूर्वेकडे जाताना हिमालय सगळा वेळ उत्तरेला, म्हणजे डावीकडेच राहतो. मैत्रिणीने बजावलं होतं म्हणून पैसे भरून 'ए' घेतली, तीही पंखाच्या बरीच पुढची. पंखामागे बसलं की इंजिनाच्या गरम हवेने दृश्य लहरतं आणि फोटो बिघडतात. नोव्हेंबरची स्वच्छ हवा होती. आधी वाटलं ढगच आहेत, पण ते जागचे हलेनात. आईने चहा तसाच ठेवला आणि उतरेपर्यंत काचेला कपाळ टेकवून बसली. कांचनजंगा आला तेव्हा तिने हात जोडले. परतताना 'एफ' घ्यायची, हे विसरू नका.

त्रिमूर्तीनगरहून
लेकीचा पहिला विमानप्रवास. खिडकीसाठी जादा पैसे भरले, आणि सीटशेजारी निघाली सपाट भिंत. ती रडली नाही, पण गप्प झाली, ते मला अजून लागतं. नंतर कळलं की बोईंग ७३७ मध्ये पंखाच्या थोडं पुढे वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते, म्हणून तिथे खिडकी बसवत नाहीत. कंपनीने बुकिंगच्या वेळी हे सांगायलाच हवं होतं. आता मी विमानाचा प्रकार बघून, त्या रांगेचा आतला फोटो शोधूनच सीट घेतो.

धरमपेठहून
माझा नियम उलटा आहे, मी सूर्याच्या विरुद्ध बाजूला बसते. जुलैत सकाळी दिल्लीला निघाले होते. ऊन उजवीकडून, मी डावीकडे. खाली पांढरे ढग, त्यावर विमानाची सावली आणि सावलीभोवती पूर्ण गोल रंगीत कडं. इंद्रवज्र! हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याला दोनदा जाऊन हाती आलं नव्हतं, ते इथे बसल्या जागी दिसलं. त्या वलयाचा मध्य बरोबर आपण बसलोय त्या जागेच्या सावलीवर असतो. मागच्या रांगेतल्याला ते थोडं मागे दिसणार, म्हणजे प्रत्येकाचं वेगळं. पावसाळ्यात काही दिसत नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा बघाच.

मनीषनगरहून
एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, मिळालं तर पंखाची चिंता नको, पंख डोक्यावर असतात. खालची शेतं, नाले सगळं दिसतं.

वाडीहून
तुम्ही सगळे जातानाचं सांगून राहिले, मी येतानाचं सांगतो. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, म्हणून कोणत्या टोकाकडून येईल ते आधी ठरवता येत नाही. दक्षिणेकडून आलं तर शहर उजव्या हाताला. आमच्या वाडीच्या अंगानं आलं तर डावीकडे, आन् अंबाझरी तलावही डावीकडेच. दिवाळीत पोराकडून बंगलोरहून रात्री येत होतो, सीट 'ए'. सगळीकडे दिवेच दिवे, अन् मधातच एक मोठा काळा तुकडा, त्यात एकही दिवा नाही. बायको म्हणे, "लाईट गेली का जी तिकडची?" म्हटलं, "नाही वं, तलाव आहे आपला." मग तिनं काठाकाठानं बोट फिरवत आमचं घर शोधाले घेतलं, अन् चाकं टेकली तरी शोधूनच राहिली होती.